दाराच्या पोटातली काच

वाचकांचे प्रश्न : गाडीची निगा

या वेळी सगळे प्रश्न दाराच्या फुटलेल्या काचेबद्दलचे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे, कारण बाकीच्या काही तक्रारी दार आतून उघडून साफ करण्याचे ते काम अर्धवट झाल्यामुळेच उद्भवलेल्या आहेत.

प्रश्न : सोसायटीत गवत कापताना उडालेला खडा लागून आमच्या हॅचबॅकची ड्रायव्हरच्या बाजूची काच फुटली. सीटवरचे तुकडे झाडून काढले, पण दार लावले की आत खळखळ वाजते. काचवाला म्हणतो, नवी काच बसवून देतो, आतले तुकडे तळाला बसून राहतात, त्रास देत नाहीत. हे खरे आहे का? आतले पॅनल घरी काढून साफसफाई करता येईल का? गाडीला पॉवर विंडो आहे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुकडे तळाला बसतात हे खरे, त्रास देत नाहीत हे खरे नाही. पुढची मोठी काच दोन थरांची, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेली असते, म्हणून ती तडकली तरी जागेवर राहते. दाराची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. ती फुटली की खडीसाखरेसारखे दाणे होऊन कोसळते. एक चौरस मीटर काच एक मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. तुमच्या दाराची काच साधारण साडेतीन मिलिमीटर जाड आणि पाव ते एक तृतीयांश चौरस मीटर धरली, तर सव्वादोन ते तीन किलो माल झाला. सीटवर आणि रस्त्यावर पडला तो सोडला, तर उरलेला सगळा दारात आहे. तो तळाच्या निचऱ्याच्या भोकांत बसतो, काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरच्या दातांत आणि केबलीत अडकतो, आणि नव्या काचेला ओरखडे पाडतो.

घरी करता येते. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन-तीन तास हाताशी ठेवावेत. सफाई होईपर्यंत पॉवर विंडोच्या बटणाला हात लावू नका. बटण दाबले की काच खालून धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये उरलेले तुकडे थेट केबलीच्या चाकात ओढले जातात, आणि काचेसोबत रेग्युलेटरचाही खर्च येतो. विम्याचा दावा करायचा असेल तर झाडण्याआधी फोटो काढा.

सामान असे : दोन नंबरचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, १० मिमीची गोटी (सॉकेट) आणि छोटा रॅचेट, ट्रिम उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, जाड कातडी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, टॉर्च, मास्किंग टेप, जुनी चादर आणि अरुंद तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर. पट्ट्या आणि टेप रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील. दाराच्या क्लिपा नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात मॉडेल आणि साल सांगून घ्या. दहा तरी आणा. दहा वर्षे उन्हात तापलेल्या क्लिपांपैकी दोन-तीन निघतानाच मोडतात, आणि तेव्हा अर्धे दार उघडे टाकून बाजार गाठावा लागतो.

सुरुवातीला सीट पूर्ण मागे सरकवा, चादर उंबऱ्यापासून जमिनीपर्यंत पसरा, आणि चावी काढून बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवा. काही गाड्यांत दाराच्या आत एअरबॅगचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. कनेक्टर सुटलेला असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा पेटून बसतो. टर्मिनल काढल्यावर पाच-दहा मिनिटे थांबा.

आता स्क्रू. ते लपवलेले असतात आणि बहुधा तीन जागी सापडतात : आतल्या हँडलच्या मागे इवल्याशा झाकणाखाली, दार ओढायच्या खोबणीच्या तळाशी रबराखाली, आणि स्विचच्या पट्टीखाली किंवा पॅनलच्या कडेला. आरशाजवळचा त्रिकोणी तुकडा नुसत्या क्लिपेवर असतो, तो आधी काढा. एका पुठ्ठ्यावर दाराचे ढोबळ चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा. लांबीत फरक असतो, आणि आखूड जागी लांब स्क्रू गेला तर मागची वायर सोलली जाते.

पॅनल मागच्या खालच्या कोपऱ्यापासून सोडवायचे. फटीत पट्टी घालून आडवी सरकवा, ती कशाला तरी अडली की तिथे क्लिप आहे. क्लिपेच्या अगदी शेजारी, दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जोर लावा. दोन क्लिपांच्या मधोमध ओढले तर पॅनल वाकते आणि त्याच्या पाठीवरचे क्लिप धरणारे प्लॅस्टिकचे घर फुटते. क्लिप काही रुपयांची असते, पण ते घर पॅनलचाच भाग आहे; ते फुटले तर एपॉक्सीने चिकटवत बसावे लागते. 'टक्' आवाज आला की पुढची क्लिप. सगळीकडून सुटले आणि एकाच जागी घट्ट वाटते आहे, तर तिथे क्लिप अडलेली नाही, स्क्रू राहिला आहे. ओढू नका, शोधा. पॅनल फुटतात ती इथेच.

खालून आणि दोन्ही बाजूंनी सुटलेले पॅनल आता सरळ वर उचला, कारण वरची कड काचेच्या फटीत अडकवलेली असते. याच फटीत मूठभर दाणे बसलेले असतात, ते उचलताना खाली येतील. चेहरा लांब ठेवा. पॅनल वायरींवर लोंबू देऊ नका, गुडघ्यावर टेका. हँडलच्या केबलीचा फोटो घ्या, तिचे प्लॅस्टिकचे कवच खाचेतून बाहेर काढा आणि टोक फिरवून सोडवा. कनेक्टरची जीभ दाबून मग ओढा, वायर धरून कधीच नाही.

समोर दिसेल तो प्लॅस्टिकचा कागद. डांबरासारख्या काळ्या, चिकट ब्यूटिलच्या दोरीने तो पत्र्याला चिकटवलेला असतो. हा कागद टरकावून फेकणारे बरेच भेटतात, पण गाडीत पाणी येऊ न देणारी वस्तू हीच. सकाळच्या गारव्यात काम केले तर बरे, ब्यूटिल ताणून तारा येत नाहीत. धारदार पट्टी आडवी धरून दोरी मधोमध कापत जा, म्हणजे निम्मी पत्र्यावर आणि निम्मी कागदावर राहील. वरची कड चिकटलेलीच ठेवा, कागद वर गुंडाळून टेपने अडकवा. दोरीला बोट लावू नका आणि तिच्यावर धूळ बसू देऊ नका.

सफाई वरून खाली करायची. तळ आधी साफ केला तर वरचे दाणे पुन्हा खाली येतात आणि काम दोनदा होते. काच ज्या फटीतून वर येते तिथल्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही पट्ट्या बोटाने उलगडून पाहा. मग उभ्या रबरी चॅनल. मग रेग्युलेटरचा क्लॅम्प, जिथे काचेची खालची कड दाताळ उभी असते, ती पकडीने काढा. मग दारातला आडवा लोखंडी बार, कुलपाचा वरचा भाग, स्पीकरची कडा. बाहेरच्या पत्र्यावर तळहाताने थापट्या मारल्या की बारवरचे दाणे घरंगळतात. शेवटी तळ. व्हॅक्यूमच्या तोंडाला बागेच्या पाइपचा फूटभर तुकडा टेपने जोडला तर कोपऱ्यापर्यंत पोचतो. कापडी किंवा कागदी पिशवीचा क्लीनर असेल तर मोठे दाणे आधी हाताने भरून काढा, नाहीतर पिशवी फाटते. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका : दाणे कुलपात घुसतात आणि तोंडावर उडतात.

तळाच्या पत्र्यावर शेवटी साखरेसारखा बारीक चुरा राहतो, तो व्हॅक्यूमलाही येत नाही. त्याला घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा दाबत न्या. हा गोळा लगेच कागदात गुंडाळून बंद डब्यात टाका, गाय किंवा कुत्रे त्याला तोंड लावेल अशा जागी चुकूनही नको. ग्रीस लागलेल्या भागातला चुरा ग्रीससकट पुसून काढा आणि नवे पांढरे लिथियम ग्रीस लावा.

आता निचऱ्याची भोके. दाराच्या खालच्या कडेला दोन-चार लांबट खाचा असतात. प्लॅस्टिकच्या केबल टायने त्या मोकळ्या करा. तारेने रंग खरवडतो आणि गंज तिथून सुरू होतो. मग आतून तांब्याभर पाणी ओता. ते काही सेकंदांत सगळ्या खाचांतून वाहून गेले पाहिजे. कोरडे झाले की दार पाच-सहा वेळा लावून कान द्या. खळखळ उरली असेल तर पुन्हा टॉर्च घ्या.

काच बसवताना स्विच, कनेक्टर आणि बॅटरी जोडून क्लॅम्प खाली आणा, म्हणजे दोन्ही बोल्ट पत्र्यातल्या भोकांसमोर येतात. बोल्ट आधी सैल, काच वर नेऊन चॅनलमध्ये नीट बसली की मग घट्ट, तेही बेताने. पॅनल लावण्याआधी काच, कुलूप, आतले हँडल आणि आरसा चालवून पाहा. पॅनलची वरची कड आधी अडकवायची, प्रत्येक क्लिप भोकासमोर आली का ते डोळ्याने पाहायचे, मग तळहाताने दाबायची. बॅटरी काढल्यामुळे काच एका दाबात वर जात नसेल, तर बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच धरून ठेवले की ती पुन्हा शिकते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

प्रश्न : नवी काच बसवून आठवडा झाला नाही तोच तिच्यावर उभ्या रेघा पडल्या. काच हलकी दिली असेल का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : दोष काचेचा असण्याची शक्यता कमी. रेघा उभ्या आहेत म्हणजे काच सरकताना काहीतरी घासते आहे, आणि काचेला ओरखडा काढणारी वस्तू बहुधा जुन्या काचेचा कणच असतो. काच ज्या फटीतून वर येते तिथल्या पट्टीच्या मखमलीत तो रुतून बसतो. रेघांवरून नख फिरवा. रेघ बाहेरच्या अंगाला असेल तर बाहेरची पट्टी, आतल्या अंगाला असेल तर आतली, आणि अगदी कडेला असेल तर उभी चॅनल तपासायची. तोवर काच खाली-वर करणे बंद ठेवा.

मखमलीतला कण टेपच्या चिकट बाजूने पुन्हा पुन्हा उचला, मग ओल्या फडक्यात गुंडाळलेली पातळ पट्टी चॅनलमधून ओढा. कण खोल रुतला असेल तर ती मखमली पट्टीच बदला. ती काचेपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. नंतर चॅनलला सिलिकॉन स्प्रे पुरे. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते आणि धूळ धरून तीच कानस बनते. नखाला लागणारी रेघ पॉलिशने जात नाही. घासून घालवायला गेलात तर तिथे काच खोलगट होते आणि रात्री समोरच्या दिव्यांनी चमकते.

प्रश्न : उन्हाळ्यात काच बदलून घेतली. पहिल्याच मोठ्या पावसात डाव्या पायाखालचे कार्पेट भिजले. काचेची रबरे तर नवी आहेत.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : दाराच्या काचेवरून ओघळलेले पाणी दारात शिरतेच. बाहेरची पट्टी ते पूर्ण अडवत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. पाणी दारातून उतरून तळाच्या खाचांतून बाहेर जावे, अशीच रचना आहे. वाटेत आतल्या बाजूला येणारे थेंब प्लॅस्टिकचा कागद अडवतो आणि परत दारात सोडतो. तुमच्या दारात हा कागद फाटलेला, खालून मोकळा, किंवा खाकी पॅकिंग टेपने चिकटवलेला असणार. खाकी टेपचा गोंद ओल्या पत्र्यावर एक पावसाळाही काढत नाही.

पॅनल काढून काचेवर नळीने बारीक धार सोडा आणि आत बघत बसा. थेंब कुठून येतो ते दिसेल. जुनी ब्यूटिल दोरी मळली असेल तर ती खरवडून पत्रा स्पिरिटने पुसा आणि नवी ब्यूटिल टेप अखंड लावा. सांधा करायचाच असेल तर तो वर करा, खाली नाही. कागदाची खालची कड ज्या खाचेत खोचलेली होती तिथेच खोचा. ती बाहेर राहिली तर अडवलेले पाणी सरळ कार्पेटवर उतरते. चिकटवताना हेअर ड्रायरने ब्यूटिल कोमट करा आणि सगळीकडून बोटाने दाबा. कागद फाटला असेल तर जाड पॉलिथिन जुन्याच्या मापाने कापा, जुना कागद नमुना म्हणून जपा.

कार्पेट वरून सुकले म्हणून सोडून देऊ नका. खालचा नमदा पाणी धरून ठेवतो. तो उचलून पंख्याखाली पूर्ण कोरडा करा. पायापाशी वायरींचे कनेक्टर असतात, त्यांना हिरवट गंज चढला की मग न सापडणारे दोष सुरू होतात.

प्रश्न : जुन्या छोट्या गाडीला हाताने फिरवायची काच आहे. पॅनल काढायचे आहे, पण ते फिरवायचे हँडल निघतच नाही, आणि स्क्रूही कुठे दिसत नाही.
— एक वाचक, विश्रांतवाडी

उत्तर : बऱ्याच गाड्यांत तिथे स्क्रू नसतोच. हँडलच्या मुळाशी, गोल वायसरच्या आड, घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. वायसर पॅनलकडे दाबा आणि हँडल व वायसर यांच्या फटीत सुती फडक्याची कड घाला. दोन्ही टोके धरून बूट पुसतात तसे इकडून तिकडे ओढत वर न्या. फडक्याचे सूत तारेच्या टोकात अडकते आणि क्लिप सुटते. ती उडते, म्हणून दुसऱ्या कोणालातरी तिथे हात आडवा धरायला सांगा. काढण्याआधी काच बंद असताना हँडलचे तोंड कुठे होते त्याचा फोटो घ्या. लावताना क्लिप आधी हँडलमध्ये बसवा आणि मग दांड्यावर ठोसून द्या.

प्रश्न : फुटलेल्या काचेसाठी विम्याचा दावा करावा का? आणि नव्या काचेवर फिल्म लावावी का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : काचेच्या भागांवर विम्यात घसारा कापत नाहीत, पण दाव्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यापुढच्या गाडीला २,००० रुपये सक्तीने वजा होतात. शिवाय दावा घेतला की पुढच्या नूतनीकरणाचा नो क्लेम बोनस, म्हणजे २० ते ५० टक्क्यांची सवलत, जाते. ती राखणारे जादा संरक्षण घेतले असेल तर गोष्ट वेगळी. काचेचे आणि मजुरीचे बिल हातात घेऊन ही बेरीज करा. एका दाराच्या काचेसाठी दावा बहुधा परवडत नाही. काच फोडून चोरी झाली असेल तर पोलिसात तक्रार आधी करा.

फिल्म लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवायला मनाई केली. उन्हाचा त्रास असेल तर कारखान्यातूनच हिरवट छटा असलेली काच मागा. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे असा नियम आहे. घेताना कोपऱ्यातला शिक्का वाचा : टफन्ड असल्याचा उल्लेख, आयएसआय खूण आणि बनवणाऱ्याचे नाव. शिक्का नसलेली काच स्वस्तात मिळाली तरी नको.

प्रश्न : काच संध्याकाळी फुटली आणि वर पाऊस. रात्र कशी काढायची?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पारदर्शक जाड प्लॅस्टिक घ्या. दार उघडून ते चौकटीच्या वरून आत दुमडा आणि दार लावा. रबरात वरची कड घट्ट धरली जाते आणि पाणी बाहेरून ओघळते. खालची कड बाहेर लोंबती ठेवा, आत खोचली तर पाणी आत जाते. टेप लावायचा तर काळ्या चौकटीला लावा. रंगावर लावलेला टेप दुसऱ्या दिवशीच्या उन्हात भाजून गोंद सोडतो. काळी कचऱ्याची पिशवी पुढच्या दाराला नको, आरसा दिसत नाही. दार आपटू नका, चौकटीत उरलेले दाणे उडतात.

प्रश्न : काढलेल्या काचेचे काय करायचे?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात मोकळी टाकू नका. पुण्यात कचरा हाताने वेगळा केला जातो, आणि हे दाणे पातळ पिशवीतून बोटात घुसतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, तळाला आणि फटींना टेप मारा, तीन किलोचे वजन तळाने पेलायला हवे. वर मोठ्या अक्षरांत 'फुटकी काच' लिहा. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारावर येतील तेव्हा खोके डब्यात न ठेवता आत काय आहे ते सांगून त्यांच्या हातात द्या. व्हॅक्यूमची पिशवी आणि चादरीवरचा चुराही त्याच खोक्यात. चादर मात्र धुवायला टाकू नका, तीही गुंडाळून सोबत द्या. मशीनमध्ये तो चुरा बाकीच्या कपड्यांत जातो.